थंडी, पाणी आणि पेटीचे वजन
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

युक्रेनच्या युद्धआघाडीलगत अजूनही राहणाऱ्या नागरिकांना मदत कशी करता येईल, असे विचारणारी बरीच पत्रे गोव्यातून आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली होती. ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या उत्सव मंडळाने गरम कपडे, ब्लँकेट, औषधे, सोलर कंदील आणि मुलांसाठी खेळणी जमवली आहेत. सत्तरेक पेट्या होतील. जहाजाने पाठवायच्या म्हटल्या तर काय करावे लागेल? (एक कार्यकर्ते, फोंडा)

पाठवू नका, ही कळकळीची विनंती. तुमच्या मंडळाची धडपड खरी आहे, म्हणूनच ती वाया जाऊ नये असे वाटते.

आधी तिथे कोण उरले आहे ते पाहा. आघाडीलगतच्या गावांतून मुलांना पालकांसह सक्तीने हलवण्याची तरतूद युक्रेनने २०२३ मध्येच केली. मागे राहतात ते बहुतेक म्हातारे, आजारी, अंथरुणाला खिळलेले आणि त्यांना सोडून जाऊ न शकणारे. त्यामुळे खेळणी आणि बाळाचे दूध पडून राहते, आणि मोठ्या माणसांचे डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या, वाचायचे चष्मे कायम कमी पडतात.

आता थंडी. खार्किवच्या बाजूला हिवाळ्यात पारा उणे पंधराच्याही खाली जातो. आपल्याकडे 'गरम' म्हणून मिळणारे ब्लँकेट तिथे चादरीच्या कामाचे. डिसेंबरात तिथला दिवस आठ तासांचा आणि आभाळ बहुतेक भरलेले, त्यामुळे सोलर कंदील नीट चार्जच होत नाही. जुने कपडे निवडणे, मापानुसार लावणे, वाटणे यात तिथल्या स्वयंसेवकांचे दिवस जातात. भूजच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्याच देशात कपड्यांचे ढीग उघड्यावर कुजले होते, ते अनेकांना आठवत असेल.

औषधांचे नियम तर आणखी कडक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेले औषध पोहोचते तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी, वेष्टनावर औषधाचे मूळ नाव हवे आणि माहिती तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत हवी. घरोघरून गोळा केलेल्या अर्धवट स्ट्रिप यात कुठेच बसत नाहीत. कस्टम्समध्ये त्या एकट्याच अडकत नाहीत, सोबतचा सगळा कंटेनर अडकतो.

एका पत्रात विचारले आहे, घरचे कुणी तारवटी (खलाशी) असतील आणि जहाज रोमानियाच्या कॉन्स्टान्झा बंदरात लागत असेल, तर सामानातून औषधे नेता येतील का? नाही. खलाशाच्या खासगी वस्तूंचे कस्टम्ससाठी वेगळे घोषणापत्र असते. त्यात न दाखवलेला माल सापडला तर त्रास त्या खलाशाला आणि कॅप्टनला, नोकरीही धोक्यात.

मग काय करायचे? खार्किव, द्निप्रो, झापोरिझ्झिया या शहरांत दुकाने चालू आहेत. 'नोवा पोश्ता' ही कुरियर सेवा आघाडीच्या बऱ्याच जवळपर्यंत पार्सल नेते. पैसे पोहोचले की धान्य, सरपण, औषध तिथेच विकत घेता येते, वाहतुकीचा खर्च वाचतो आणि तिथला दुकानदारही तग धरतो. जमवलेले कपडे इथल्याच वृद्धाश्रमांना विचारून द्या. विक्रीयोग्य वस्तू विकून त्याचे पैसे करा.

तिथे एका माणसाच्या महिन्याच्या शिध्यात काय असावे याचा हिशेब देतो, म्हणजे मंडळाला देणगीची रक्कम ठरवता येईल. मदतकार्यातल्या स्फिअर मानकांप्रमाणे माणशी रोज २,१०० किलोकॅलरी, म्हणजे महिन्याला ६३ हजार. १२ किलो धान्य (कुट्टू, तांदूळ, पास्ता, पीठ मिळून), २ किलो मसूर डाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर आणि दीड किलो डबाबंद मासे किंवा मांस यांत ती बसते. वर मीठ, चहा, काडेपेट्या. राजमा, चणे यांसारखी रात्रभर भिजवून तासभर शिजवावी लागणारी कडधान्ये नकोत, कारण इंधन अन्नाहून दुर्मीळ असते. हे सगळे साडेसतरा किलो होते. ते एका पेटीत कधीच भरू नये. वीज नसल्याने लिफ्ट बंद, घेणारी बाई सत्तरीची आणि घर चौथ्या मजल्यावर. दहा किलोच्या आतल्या दोन पेट्या केल्या तर शेजारी एकेक करून वर नेतात. एकच जड पेटी जिन्यातच फोडावी लागते.

पेट्यांवर किंवा गाडीवर रेडक्रॉसचे चिन्हही लावू नका. भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यान्वये परवानगीशिवाय ते वापरणे गुन्हा आहे. तिथे तर त्या चिन्हावरचा विश्वास हेच खऱ्या रुग्णवाहिकांचे संरक्षण असते.

प्रश्न : आमच्या गेस्ट हाऊसमध्ये दीर्घ मुक्कामाला असलेले एक परदेशी पाहुणे 'आघाडीवरच्या आजी-आजोबांसाठी' म्हणून क्यूआर कोडवर पैसे घेतात. माणूस चांगला वाटतो. द्यावेत का? (एक वाचक, मांद्रे)

माणूस चांगला असू शकतो, पण हा मार्ग चांगला नाही. पर्यटक व्हिसावर वर्गणी गोळा करणे बसत नाही. इथे रुपये द्यायचे आणि तिकडे कुणीतरी तेवढे पैसे चुकते करायचे, हा व्यवहार फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याने हवाला ठरतो. हेतू कितीही शुद्ध असला तरी.

सरळ वाट अशी. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (बँकेत 'एलआरएस' म्हणा, लगेच कळते) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशात पाठवता येतात आणि त्यात देणगीही येते. पॅन कार्ड, ए-२ अर्ज आणि संस्थेच्या खात्याचा स्विफ्ट तपशील लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०-जीची सवलत मिळत नाही, हे गृहीत धरा. मंडळाने स्वतःच्या नोंदणीकृत न्यासातून परस्पर पैसे पाठवण्याआधी सनदी लेखापालाला विचारलेच पाहिजे. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातली सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. लहान मंडळांना सोपे म्हणजे सभासदांनी वैयक्तिक नावाने पाठवणे.

संस्था पारखताना चार गोष्टी मागा. युक्रेनमधला आठ अंकी नोंदणी क्रमांक. तो तिथल्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही तपासता येतो. गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिले. माल ज्या गावाला दिला तिथल्या प्रशासनाची किंवा लाभार्थ्यांची पोच. आणि हे पैसे नागरिकांसाठी की सैन्यासाठी, याचे स्पष्ट उत्तर. तिथले पुष्कळ गट दोन्ही कामे करतात. तुम्हाला फक्त नागरिकांना मदत करायची असेल तर ते लेखी घ्या. उत्तर टाळले तर तिथेच थांबा.

प्रश्न : मी वास्कोला जनरेटर दुरुस्तीचे काम करतो. छोटे जनरेटर, पॉवर बँक, पाण्याचे फिल्टर पाठवणे उपयोगी नाही का? निदान यंत्रे तरी कामाची असतील. (एक तंत्रज्ञ, वास्को)

यंत्रे कामाची असतात, पण ती तिथल्या हवेला टिकणारी हवीत. तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण चुका इथेच होतात.

व्होल्टेज आपल्यासारखेच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लग मात्र युरोपीय दोन गोल पिनांचा, त्यामुळे आपली तीन पिनांची वायर बसत नाही. इंजिनात आपल्याकडचे १५डब्ल्यू-४० तेल उणे तापमानात इतके दाटते की दोरी ओढून इंजिन फिरतच नाही, ५डब्ल्यू-३० लागते. जनरेटर खिडकी-दारापासून किमान ६ मीटर दूर, उघड्यावर आणि धूर घरापासून उलट्या दिशेला जाईल असा ठेवायचा. गोळाफेकीच्या भीतीने लोक तो तळघरात किंवा जिन्यात आणतात, आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसे जातात. या वायूला वास नाही. डोके दुखणे, मळमळ, एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम गुंगी येणे ही त्याची खूण. लाकडाच्या शेगडीचेही तेच. म्हणून प्रत्येक शेगडी आणि प्रत्येक जनरेटरसोबत बॅटरीवरचा मोनॉक्साइड अलार्म द्यायलाच हवा. हा खर्च वाचवू नका.

बऱ्याच घरांना जनरेटरपेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे हलवता येणारे पॉवर स्टेशन बरे. घर तापवणाऱ्या बॉयलरचा पंप शंभरेक वॉट घेतो. १ युनिट साठवणारी बॅटरी इन्व्हर्टरची घट धरून तो आठेक तास चालवते, आवाज नाही आणि धूर नाही. पण शून्याखाली ती चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. सूचनापत्रात पहिली ओळ हीच हवी : आधी बॅटरी घरात आणून कोमट होऊ द्या, मग चार्जर लावा. पॉवर बँक विमानाच्या चेक-इन सामानात चालत नाही. हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची (७४ वॉट-अवर) बसते.

पाण्याचे म्हणाल तर ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटले आणि निकोपोलसारख्या शहरांचा पुरवठाच तुटला. त्यानंतर टँकर आणि बाटल्यांवर दिवस काढावे लागले. स्फिअर मानक माणशी रोज १५ लिटरचे आहे; त्यातले पिण्यापुरते अडीच-तीन लिटर. पोकळ तंतूंचे पडदे असलेले हातफिल्टर लोक हौसेने पाठवतात. ते एकदा ओले झाले आणि रात्री गोठले, की आतले तंतू फुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणीही येत राहते, पण ते गाळलेले नसते. हिवाळ्यात असा फिल्टर रात्री अंगाशी, कपड्यांत ठेवावा लागतो. नाहीतर क्लोरीन वापरा : बिनसुगंधी घरगुती ब्लीच (५ ते ६ टक्के), स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे २ थेंब, गढूळ असेल तर गाळून ४, आणि अर्धा तास थांबायचे. पाणी बर्फगार असेल तर तासभर, कारण थंडीत क्लोरीनचे काम मंदावते.

तुमचे हुन्नर तिथे नेता आले नाही तरी वापरता येईल. गोठवणाऱ्या थंडीत जनरेटर कसा सुरू करावा, कार्ब्युरेटर कसा साफ करावा, याची छोटी चित्रफीत करा आणि तिथल्या गटाकडून युक्रेनी उपशीर्षके घालून घ्या.

प्रश्न : भाचा तिथे स्वयंसेवक म्हणून जायचे म्हणतो. तो गाडी चालवतो, प्रथमोपचाराचा कोर्सही केला आहे. एका एजंटने पगार आणि व्हिसा दोन्ही देतो म्हटले आहे. (एक मामा, डिचोली)

पगार आणि व्हिसा देणारा एजंट हा स्वयंसेवेचा मार्ग नव्हे. 'मदतनीस' म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना रशियन सैन्यात आघाडीवर ढकलल्याची प्रकरणे २०२४ मध्ये उघड झाली. भाच्याला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका.

खरा मार्ग खर्चाचा आणि संथ आहे. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पोलंड किंवा रोमानियातून जमिनीवरून जावे लागते, म्हणजे शेंगेनचा आणि युक्रेनचा असे दोन व्हिसा. साधा प्रवास विमा युद्धातली इजा भरून देत नाही. आधी एखाद्या नोंदणीकृत संस्थेकडून निमंत्रणपत्र घ्यावे, मग व्हिसा. पहिले महिने आघाडीपासून दूर गोदामात, वाहनदुरुस्तीत, हिशेबात घालवावेत. तिथली भाषा न येणारा माणूस वृद्धांना 'चला' हे पटवूच शकत नाही, आणि हलवण्याच्या कामातला मोठा वेळ त्यातच जातो. कुत्रा सोबत घ्यायचा, पेन्शनची कागदपत्रे शोधायची, बिछान्यावरच्या नवऱ्याला स्ट्रेचरने खाली आणायचे.

आघाडीच्या वीसेक किलोमीटरमध्ये आता छोट्या स्फोटक ड्रोनचा धोका असतो. फायबरच्या तारेवर चालणारे ड्रोन रेडिओ ओळखणाऱ्या यंत्राला सापडत नाहीत. म्हणून काही रस्त्यांवर जाळी टांगली आहे. स्फोट झालेल्या जागी धावत जाऊ नये. काही मिनिटांनी त्याच जागी दुसरा मारा होतो, आणि त्यात वाचवायला आलेलेच सापडतात. डांबरी सोडून गवतात पाय ठेवू नये. सरपणाला रानात गेलेले लोक सुरुंगावर जातात, म्हणूनच सरपण घरपोच देणे हे दिसते त्याहून मोठे काम आहे.

भाच्याच्या कोर्समध्ये रक्तस्राव थांबवणे कितपत शिकवले ते विचारा. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि वेळ लिहायची. मांडीच्या सांध्यात किंवा काखेत तो बसत नाही. तिथे जखमेत गॉझ (जाळीदार पट्टी) ठासून भरायचा आणि साधा गॉझ असेल तर दहा मिनिटे पूर्ण जोराने दाबायचे. आघाडीवर रुग्णालय गाठायला तास लागतात. दोन तासांनंतर हातापायाचा धोका वाढतो, त्यामुळे टूर्निकेट ठेवायचा की बदलायचा हे प्रशिक्षित माणसानेच ठरवायचे. मध्येच सैल करून 'बघायचे' नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त टूर्निकेट घेऊ नयेत. त्यांची पिळायची काठी ऐन वेळी वाकते किंवा मोडते.

प्रश्न : मदत पोहोचल्याचे फोटो आम्ही फेसबुकवर टाकले तर देणगीदारांना विश्वास वाटेल. त्यात गैर काय? (एक वाचक, म्हापसा)

गैर काही नाही, घाई नको. युक्रेनमध्ये २०२२ पासून सैन्याच्या हालचालींची माहिती पसरवणे गुन्हा आहे, आणि फोटोच्या मागच्या बाजूला काय दिसते हे आपल्याला कळत नाही. पुलाची रेलिंग, दुकानाची पाटी, चर्चचा घुमट यांवरून जागा सापडते, आणि तिथेच पुढच्या वाटपाला गर्दी जमते तेव्हा मारा होऊ शकतो. फोटोतली जागेची नोंद काढून टाका, आठवडाभर थांबा, चेहऱ्यांसाठी संमती घ्या. पेट्यांचा आणि बिलांचा फोटो पुरेसा आहे. देणगीदारांना बिलांवरची तारीख आणि रक्कम दाखवा. रडणाऱ्या आजीचा चेहरा दाखवू नका.