रेशनच्या धान्याऐवजी खात्यात पैसे जमा केले तर गरिबांचे काय बिघडते?

आपण विचारले आहे की, स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ वाटण्यापेक्षा सरकारने तेवढी रक्कम थेट खात्यात जमा केली, तर चोरी थांबेल आणि लोकांना हवे ते विकत घेता येईल, मग यात बिघडते काय? २०२२ च्या दिवाळीत आमच्या गावाकडच्या ओसरीवर बसून माझ्या दाजींनी नेमके हेच विचारले होते. त्यांची सारी नोकरी पुण्यात बँकेत गेली आहे. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्याच वर्षी हा बदल आमच्याच घरात झाला, त्यामुळे आज देता येईल.

आमचे घर जालना जिल्ह्यात आहे. तीन एकर कोरडवाहू जमीन, केशरी शिधापत्रिका आणि आई, भाऊ, वहिनी व दोन मुले अशी पाच माणसे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना ऑगस्ट २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो या दराने मिळत असे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत ही कुटुंबे नव्हती, तरी दर मात्र त्या कायद्याचेच होते. आमच्या घरी महिन्याला २५ किलो धान्य येई आणि त्याला ७५ रुपयेसुद्धा लागत नसत. २०२२ मध्ये कायद्याबाहेरच्या योजनांसाठी केंद्राकडून मिळणारे धान्य बंद झाले आणि दुकानदाराने हात वर केले. मग राज्य सरकारने जानेवारी २०२३ पासून धान्याच्या बदल्यात माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरवले. त्याच जानेवारीपासून केंद्राने अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतील सर्वांना धान्य पूर्णपणे मोफत केले. एकाच गल्लीत शेजारच्या घरी फुकट गहू येऊ लागला आणि आमच्या घरी अर्जाचा कागद आला.

तो अर्ज मीच भरला. रक्कम कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात जमा होणार होती आणि कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आईचे नाव होते. आईचे वय ७१, गुडघे दुखतात आणि बँक आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर आहे. गावातल्या इतर बायकांचे पैसे आल्याचे कानावर येऊ लागले तरी आईच्या पासबुकात काहीच उमटेना. दोन हेलपाटे वाया गेल्यावर कळले की, तिचा आधार क्रमांक आम्ही अर्जात दिलेल्या खात्याला नव्हे, तर पूर्वी कधीतरी दुसऱ्या बँकेत उघडून दिलेल्या खात्याला जोडलेला आहे आणि ते खाते व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले आहे. मग ते खाते पुन्हा सुरू करण्यासाठी ओळखीची कागदपत्रे द्यायची होती आणि अंगठा लावायचा होता. आयुष्यभर खुरपे आणि विळा धरलेल्या तिच्या बोटांचे ठसे यंत्राला काही ओळखता येईनात. प्रत्येक खेपेला रिक्षाचे भाडे जाई आणि सोबत जाणाऱ्या वहिनीची एक मजुरी बुडे. महिन्याकाठी येणाऱ्या ७५० रुपयांतून हा खर्च वजा करून पाहावा.

पैसे अखेर आले, ते थकबाकीसह एकदम, आणि आले ते ऐन जुलैत. सोयाबीन गुडघ्याएवढे झाले होते आणि अळी पडली होती. भावाने ते पैसे फवारणीला लावले. मी त्याला दोष देत नाही. पीक गेले असते तर वर्ष गेले असते, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पण त्या महिन्यात वहिनीने किराणा दुकानातून गहू उधारीवर आणला आणि दोनदा शेजारणीकडून पीठ उसने घेतले. आई तेव्हा एवढेच म्हणाली, “गहू आला असता तर गहू फवाऱ्यात घालता आला नसता.” प्रश्नकर्त्याने आणि दाजींनी लक्षात घ्यावे असे मला जे वाटते, ते सारे या वाक्यात आहे. घरात आलेला पैसा शेत, दवाखाना, सावकार आणि शाळा या सर्वांसमोर एकाच वेळी उभा राहतो आणि त्यांपैकी जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे जातो. धान्य मात्र थेट चुलीकडे जाते, आणि चुलीचा कारभार बाईच्या हातात असतो. खाते बाईच्या नावावर असल्याने ती सक्षम झाली, हे दाजींचे म्हणणे मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. जिला त्या खात्यापर्यंत पोहोचायला दुसऱ्याचा आधार आणि दिवसभराची सवड लागते, तिचे सक्षमीकरण कसे झाले हे मला अजून समजलेले नाही.

“शेतकऱ्याला धान्य कशाला?” हा दाजींचा दुसरा मुद्दा होता. आमच्या भागातील शेतकरी आज सोयाबीन, कपाशी आणि तूर लावतो. आजोबांच्या काळी घरात ज्वारीची कणगी भरलेली असे. आता कणगीच नाही. जो माणूस विकण्यासाठी पिकवतो, त्याला खाण्याचे धान्य बाजारातूनच आणावे लागते, आणि पीक फसले की ते आणण्यासाठी हाती पैसाही नसतो. ही योजना याच जिल्ह्यांत का सुरू झाली होती, याचा विसर पडू नये.

रकमेविषयीही बोलले पाहिजे. माणशी १५० रुपये म्हणजे किलोला ३० रुपये. २०२३ च्या जुलैत कर्नाटक सरकारलाही अन्नभाग्य या आपल्या मोफत तांदळाच्या योजनेसाठी केंद्राकडून जादा तांदूळ मिळाला नाही, तेव्हा त्यांनी किलोला ३४ रुपयांप्रमाणे पैसे दिले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा तांदळाकडे वळले. आपल्याकडे २०२४ मध्ये रक्कम १७० झाली. बाजारभाव दर आठवड्याला बदलतो, शासन निर्णय मात्र बदलत नाही. या फरकाचा भार घेणारा पूर्वी सरकार होता, आता कुटुंब आहे. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी भागात ऑक्टोबर २०१७ मध्ये असाच प्रयोग झाला. लोकांनी आधी बँकेतून पैसे काढायचे आणि मग दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा, अशी ती पद्धत होती. लोक रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली.

चोरीबद्दल आपण विचारलेच आहे, म्हणून सांगतो. मापात मारणे आणि बोगस कार्डांवर धान्य उचलणे हे आमच्या गावातही होते, ते मी नाकारत नाही. पण दुकानात अंगठा घेऊन धान्याची नोंद करणारे पॉस यंत्र आल्यापासून पावती मिळते, आणि एका दुकानदाराने त्रास दिला तर दुसऱ्या दुकानातून धान्य उचलता येते. दुकान सुधारण्याचे काम अर्धे झालेले असताना दुकानच काढून घेणे, ही सुधारणा नव्हे. अर्थात अंगठा न लागण्याचा त्रास दुकानातही आहेच. ऊसतोडीला जी कुटुंबे सहा-सहा महिने बाहेर असतात, किंवा ज्यांना निकृष्ट तांदूळ मिळतो आणि तो विकावाच लागतो, त्यांना रोख रक्कम अधिक सोयीची वाटू शकते. त्यांच्यावर धान्याची सक्ती करावी असे मी म्हणत नाही. निवड त्यांची असावी. आम्हाला कोणी विचारले नव्हते.

आपल्या ओळखीत असे केशरी कार्ड असेल तर अर्ज भरण्यापूर्वी आधार नेमका कोणत्या खात्याशी जोडलेला आहे हे बँकेत विचारून घ्यावे आणि ते खाते चालू ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत असेल तर या रोख रकमेवर समाधान न मानता प्राधान्य कुटुंब यादीत, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत, नाव घालण्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तिथे बहुधा “इष्टांक शिल्लक नाही”, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरली, असे सांगतील, कारण यादीची मर्यादा अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेली आहे. आम्हालाही तेच सांगितले. तरी अर्ज परत घेऊ नये. आमचा अर्ज तिथेच आहे, आणि मागच्या दिवाळीत दाजींना आईचे पासबुक दाखवल्यानंतर त्या अर्जासोबत जोडायचे स्मरणपत्र त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.