एका द्राक्षाला आठ गुण

"मॅडम, हा सातवीत आला. शेजारची मुलगी दुसरीत आहे, तिने अ‍ॅप बनवलं म्हणे. आमच्याला उशीर झाला का हो?"

जून उजाडला की नाशिकमधले आईवडील कोडिंगबद्दलचा हाच प्रश्न घेऊन माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतात. उशीर झालेला नाही, हे आधीच सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात धरलं आहे. दुसरीतल्या मुलांचं अ‍ॅप बहुतेकदा शिक्षकांचं बघून उतरवलेलं असतं. मला काळजी वाटते ती घाईघाईत आत्मविश्वास गमावून बसलेल्या मुलांची.

हा मुलगा त्यातलाच. वडिलांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, शाळेसाठी मायलेक गंगापूर रोडला राहणारे. कोडिंगच्या ऑनलाइन क्लासची वर्षाची फी भरलेली आणि तिसऱ्या महिन्यापासून लॅपटॉप बंद. आईला तो आळस वाटत होता. मुलगा एवढंच म्हणाला, "मला डोकंच नाहीये."

"कोण म्हणालं?"

"कॉम्प्युटर. रोज लाल अक्षरात."

क्लासने थेट पायथॉन, म्हणजे टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा, सुरू केलं होतं. तिथे 'इफ'च्या, म्हणजे 'जर'च्या, ओळीशेवटी कोलन (:) राहिला किंवा पुढची ओळ आत सरकवली नाही की प्रोग्रॅम चालतच नाही. टायपिंगचा सराव नसलेल्या मुलाकडून असं दहा मिनिटांत पाचदा होतं. त्यात चूक बोटांची असते, पण तो ती डोक्याची समजतो.

पायथॉन बाजूला ठेवून आम्ही स्क्रॅच घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुलं केलेलं, फुकट, साधारण ८ ते १६ वयासाठी. ठोकळे ओढून जोडायचे असल्यामुळे टायपिंगची चूक होतच नाही, उरते ती फक्त विचारातली चूक. खेळ त्यानेच ठरवला: वरून द्राक्ष पडणार, खाली टोपलीत झेलायचं. द्राक्ष वर, वाय (म्हणजे उंची) १८० वर; प्रत्येक फेरीला वाय उणे ५ ने बदलायचा; टोपलीला लागलं तर स्कोअर १ ने वाढवायचा. हे सगळं 'फॉरएव्हर'च्या, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या, ठोकळ्यात. टोपली बाणाच्या बटणांनी डावी-उजवीकडे.

द्राक्ष एक झेललं, गुण आठ मिळाले.

"बघा! चुकलंच."

"तुझ्या बागेत पानावर तेलकट डाग दिसला तर बाबा काय म्हणतात? मला डोकं नाही?"

तो हसला. "पान उलटं करून बघतात. खाली पांढरं असलं तर डाऊनी रोग."

"मग हे पान उलटं कर. एकच आकडा बदल आणि काय होतं ते बघ."

त्याने उणे ५ चे उणे १० केले. गुण चार आले. उणे २ केले, वीस आले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला, आईने काही बोलू नये म्हणून मी हाताने खूण केली. मग तो खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, ते टोपलीतून जाताना प्रत्येक पायरीला मोजतंय! हळू गेलं की जास्त वेळा!"

अगदी तेच होत होतं. स्क्रॅचची फेरी सेकंदाला साधारण तीस वेळा फिरते आणि द्राक्ष टोपलीला टेकलेलं असेपर्यंत दर फेरीला एक गुण मिळतो. उपायही त्यानेच शोधला: गुण वाढला की लगेच द्राक्ष पुन्हा वाय १८० वर, एक्स (म्हणजे आडवी जागा) मात्र उणे २४० ते २४० मधला कुठलाही.

एमआयटीतले गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. चूक म्हणजे शिक्का नव्हे, दुरुस्त करायची गोष्ट, ही त्यामागची दृष्टी मला समुपदेशनाच्या खोलीतही खरी वाटते. त्या दिवशी मुलाने गुणांची गडबड सोडवली, पण 'मला डोकं नाही' हे वाक्य त्याहून मोठं होतं आणि तेही तिथेच सुटलं. समजुतीच्या दहा गोष्टींनी ते सुटलं नसतं.

घरी काय करायचं? आठवड्यातून दोनदा, पाऊण तास पुरे. माऊस मुलाच्याच हातात राहू द्या. तुम्ही घेतलात की शिकणं तिथेच थांबतं. अडलं तर इतकंच विचारा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठून बिघडलं? व्हिडिओ बघून खेळ उतरवलाच तर त्यातल्या तीन गोष्टी बदलायला सांगा. बदलता आल्या नाहीत, तर तो खेळ अजून त्याचा झालेला नाही. पाच-सात वर्षांच्या मुलांना टॅबवरचं स्क्रॅचज्युनिअर द्या, त्यात वाचता येण्याचीही गरज नाही.

आईने जाताना विचारलं, "मग पायथॉन कधी?"

व्हिडिओ न बघता त्याने स्वतःचा एक खेळ, स्कोअर आणि अटींसकट, पुरा केला की. सुरुवात आकडा ओळखण्याच्या खेळाने करा. पायथॉनमध्ये पहिला अडथळा ठरलेला आहे: 'इनपुट'ने घेतलेलं ५ हे अंक नसून अक्षर असतं, म्हणून ५ अधिक ५ चं उत्तर ५५ येतं. 'इंट' ही अंकात बदलणारी आज्ञा लावली की दहा. हे त्याला आधी सांगू नका. ५५ त्याला स्वतःला दिसू द्या.