स्कॉलरशिप मोठी आहे, पण कॉलेज चार वर्षं टिकेल का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई सांगलीच्या, मुलगी बारावीला, बायॉलॉजी करायचंय आणि अमेरिकेतून दोन ऑफर आल्यात. एक पेनसिल्व्हेनियातलं छोटं प्रायव्हेट कॉलेज, जेमतेम हजार मुलं, राहण्याखाण्यासकट वर्षाला 62 हजार डॉलर आणि त्यात 28 हजारांची स्कॉलरशिप. दुसरी मोठी स्टेट युनिव्हर्सिटी, खर्च 48 हजार, स्कॉलरशिप फक्त 6 हजार. छोटं कॉलेज वर्षाला 8 हजार डॉलरने स्वस्त पडतंय, म्हणून घरात सगळ्यांचा कल तिकडे, आणि पैशासाठी एकुलता एक फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायचं. पण मिस्टरांच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं की तिकडची कॉलेजं बंद पडतायत, आणि एजंट म्हणतो काही नाही हो, अमेरिकेत कॉलेज कधी बंद पडतं का.

पडतं ताई, आणि कधी कधी आठवड्यात पडतं. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, मुळं पार 1876 पर्यंत जाणारी संस्था, हजारावर विद्यार्थी. 31 मे 2024 ला बातमी आली की बंद होतेय आणि 7 जूनला बंद झालीसुद्धा, बऱ्याच मुलांना आणि प्राध्यापकांना तर ते पेपरात वाचून कळलं. त्याच दिवशी, 31 मे ला, अलाबामातलं बर्मिंगहम-सदर्न कॉलेज संपलं, 1856 सालचं, त्यांनी राज्य सरकारकडे 3 कोटी डॉलरचं कर्ज मागितलं होतं ते मिळालं नाही. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज, 1868 चं, त्यांनी एप्रिलअखेर सांगितलं की ही सेमिस्टर शेवटची. उलट तुमच्या त्याच पेनसिल्व्हेनियातल्या कॅब्रिनी युनिव्हर्सिटीने वर्षभर आधी सांगितलं, मुलांना दुसरीकडे जायला वेळ मिळाला. बंद पडण्यातही फरक असतो तो असा.

हे का होतंय ते समजून घ्या म्हणजे एजंटचं बोलणं किती घ्यायचं ते कळेल. अमेरिकेत 2007 ला 43 लाखांच्या आसपास मुलं जन्मली, तो उच्चांक, मग 2008 ची मंदी आली आणि जन्म कमी होत गेले ते परत वर आलेच नाहीत. 2007 ची मुलं 2025 मध्ये अठराची झाली, म्हणजे तिथून पुढे दरवर्षी कॉलेजला जाणारं पोरच कमी. छोट्या कॉलेजचं बहुतेक उत्पन्न फीमधून येतं, त्यामुळे पन्नास-साठ मुलं कमी आली तरी बजेट कोलमडतं. त्यात मुलं खेचायला फी कापायची स्पर्धा. तिकडच्या प्रायव्हेट कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त फी माफ केलेली असते. तुमच्या लेकीचे 28 हजार बहुतेक त्यातलेच, त्यामागे कुठला फंड असेलच असं नाही, कॉलेजने आपलीच फी कमी धरलीय इतकंच. पोरगी हुशार आहे यात वाद नाही, पण तेवढ्या सवलतीवर हुरळून जाऊ नका.

आणि हार्वर्डकडे 50 अब्ज डॉलरच्या वर एन्डाउमेंट, म्हणजे देणग्यांतून साठवलेला कायमचा फंड, आहे वगैरे ऐकून सगळीच कॉलेजं श्रीमंत असतात असं धरू नका, तो आकडा मूठभर ठिकाणांचा. छोट्या कॉलेजकडे जे असतं त्यातलं बरंचसं देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून दिलेलं, पगाराला हात लावता येत नाही.

आता कामाचं. आपण पतसंस्थेत ठेव ठेवताना ताळेबंद मागतो ना, तसाच इथेही मागायचा, आणि गंमत म्हणजे इथे मागावाही लागत नाही. तिकडची बहुतेक प्रायव्हेट ना-नफा कॉलेजं दरवर्षी इन्कम टॅक्सवाल्यांना फॉर्म 990 भरतात आणि तो सगळ्यांना फुकट बघता येतो, प्रोपब्लिका या अमेरिकन बातम्यांच्या संस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाका, मागच्या बऱ्याच वर्षांचे निघतील. पहिलंच पान उघडा. ओळ 19 म्हणजे उत्पन्न वजा खर्च, आकडा कंसात किंवा मायनस असला तर त्या वर्षी तोटा. ओळ 22 म्हणजे देणी वजा जाता हातात काय उरलं, शेजारी आदल्या वर्षीचा आकडाही असतो. एखाद्या वर्षी तोटा कोणालाही होतो, कोविडमध्ये तर झालाच, पण सलग तीन-चार वर्षं 19 मायनस आणि 22 खाली घसरत असेल तर मी माझ्या भाचीला तिथे पाठवणार नाही. हे आकडे वर्ष-दीड वर्ष जुने असतात हेही लक्षात ठेवा, म्हणजे आत्ताची परिस्थिती त्याहून वाईट असू शकते. दुसरं, तिकडचं शिक्षण खातं प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजला आर्थिक तब्येतीचा स्कोअर देतं, मायनस 1 ते 3 मध्ये, 1.5 किंवा वर म्हणजे पास. पास असूनही बंद पडलेली कॉलेजं आहेत, पण नापास असेल तर विषयच संपला.

तिसरं म्हणजे मागच्या पाच वर्षांत मुलांची संख्या किती होती ते कॉलेजलाच ईमेल करून विचारा, आणि पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षाला टिकतात तेही. गोलगोल उत्तर आलं तर तेच उत्तर समजा.

कॉलेज बंद पडलं तर तिकडची मुलं आणि तुमची मुलगी यांच्यात मोठा फरक आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अमेरिकन मुलाचं सरकारी कर्ज अशा वेळी काही अटींवर माफ होऊ शकतं. तुम्ही फ्लॅट तारण ठेवून इथल्या बँकेकडून घेतलेलं कर्ज कोणी माफ करणार नाही, हप्ता चालूच. वर व्हिसाचं बघा, तिचा आय-20, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, त्या कॉलेजचा असतो, कॉलेज गेलं की एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा दर्जा टिकवायला तिचं रेकॉर्ड मुदतीच्या आत दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात ट्रान्सफर करून घ्यावं लागतं, आणि झालेले सगळे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, नवीन कॉलेज धरेलच असं नाही. एक सेमिस्टर वाया गेली तरी तुमचे वाचलेले 8 हजार तिथेच गेले, विमानाचं तिकीट वेगळंच.

मग स्टेट युनिव्हर्सिटी घ्या डोळे झाकून? तसंही नाही. त्या सहसा बंद पडत नाहीत पण कापाकापी करतात. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने 2023 मध्ये 28 कोर्स आणि प्राध्यापकांच्या 143 जागा काढल्या, गणिताची पीएचडीसुद्धा गेली, बोला आता. पेन स्टेटने 2025 च्या मे मध्ये ठरवलं की सात ब्रँच कॅम्पस 2027 ला बंद करायचे. म्हणून ऑफर लेटरवर मेन कॅम्पस लिहिलाय की ब्रँच, हे आज रात्रीच बघा, नाव सारखंच दिसतं आणि लोक फसतात. बायॉलॉजीला मेडिकलला जाणारी पोरं भरपूर असतात, त्यामुळे तो विभाग सहसा शेवटी कापतात, ती काळजी कमी.

त्यात परदेशी मुलं हे या सगळ्या कॉलेजांचं बहुतेकदा पूर्ण फी देणारं गिऱ्हाईक, आणि तेच आटतंय. 2025 मध्ये काही आठवडे व्हिसा इंटरव्ह्यूच्या नवीन तारखा बंद होत्या, मग सप्टेंबरात नवीन एच-1बी ला, म्हणजे शिकून झाल्यावर तिकडे नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाला, एक लाख डॉलर फीची घोषणा झाली. आपल्याकडच्या मुलांनी हात आखडता घेतला की कॉलेजचा गल्लाही रिकामा होतो, आणि मास्टर्सच्या मुलांवर जगणाऱ्या मध्यम युनिव्हर्सिट्यांना त्याचा जास्त फटका.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. छोट्या कॉलेजचे आकडे खरंच चांगले निघाले, चार-पाच वर्षं नफा, मुलांची संख्या स्थिर, तर खुशाल पाठवा, छोट्या वर्गात पोरगी फुलेल, मास्तर नावाने ओळखतील. आकडे लाल असतील तर 8 हजार जास्त देऊन मेन कॅम्पसची स्टेट युनिव्हर्सिटी. आणि वर्षाला 42 हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने 35 लाखांच्या वर, चार वर्षांचे दीड कोटीच्या घरात, हे झेपणार नसेल तर इथे बीएस्सी करून मास्टर्सला जाण्यात काहीही कमीपणा नाही, मिस्टरांना माझं नाव सांगा हवं तर. फ्लॅट एकच आहे तुमचा, हे पत्रात वाचलेलं मी विसरलेलो नाही.

डिपॉझिटची तारीख बहुतेक 1 मे असते आणि ते पैसे सहसा परत मिळत नाहीत, त्यामुळे एजंटने घाई केली तरी भरू नका. मागच्या पाच वर्षांचे 990 डाउनलोड करून मला पाठवा, फक्त पहिलं पान पुरे. कॉलेज चर्चशी जोडलेलं असेल तर कदाचित फॉर्म सापडणार नाही, काहींना तो भरावा लागत नाही, मग त्यांच्याकडून ऑडिट झालेला हिशोब मागवा. देत नाही म्हणाले तर तेही कळवा.