इंजिनाविना 76 हजार फूट

प्रश्न : पारसिकच्या डोंगरावर घारी पंख न हलवता वर वर जाताना आम्ही कळव्याहून नेहमी पाहतो. इंजिन नसलेले एक विमान असेच 76 हजार फुटांवर गेल्याचे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास आपल्या सह्याद्रीवर असा विक्रम का होत नाही?
— एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : खरे आहे, पण घारीची युक्ती वेगळी. ती उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घालते आणि त्या हवेचा जोर काही हजार फुटांवरच सरतो. 2 सप्टेंबर 2018 रोजी जिम पेन आणि टिम गार्डनर यांनी अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून ‘पर्लान 2’ हे ग्लायडर चढवले ते पर्वतलहरींवर. येऊरच्या ओढ्यात बुडालेल्या खडकापुढे पाण्याचा उंचवटा जागच्या जागी उभा राहिलेला आपण पावसाळ्यात पाहिला असेल; अँडीज ओलांडणाऱ्या वाऱ्यातही तशाच लाटा उठतात आणि वैमानिक वाऱ्याकडे तोंड करून लाटेच्या चढत्या अंगावर ग्लायडर धरून ठेवतात. आपण वाचलेला 76,124 फुटांचा आकडा हवेच्या दाबावरून काढलेला आहे. उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेली उंची 74,334 फूट भरते. शिवाय पहिले 40 हजारांहून अधिक फूट त्याला दुसऱ्या विमानाने ओढून नेले होते, हेही सांगितले पाहिजे. त्याने विक्रमाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही, कारण पुढची सारी चढण लाटेचीच होती.

आता सह्याद्री. पावसाळ्यात पश्चिमेचा जोरदार वारा घाटमाथ्यावर आदळतो, त्यामुळे आपली शंका रास्तच आहे. परंतु जमिनीवरून उठलेली लाट वर जाण्यासाठी वाराही थेट वरपर्यंत त्याच दिशेने वाहावा लागतो. आपल्याकडे मोसमी पश्चिम वारा साधारण सहा किलोमीटरांवर मावळतो आणि त्यावर उलटा, पूर्वेकडून येणारा वारा सुरू होतो. या दोहोंमधल्या निवांत थरात लाट विरून जाते. दक्षिण अँडीजवर मात्र हिवाळ्याच्या अखेरीस ध्रुवीय भोवऱ्याचा, म्हणजे ध्रुवाभोवती हिवाळ्यात उंचावर फिरणाऱ्या प्रचंड वातचक्राचा, पश्चिम वारा उंचीबरोबर वाढतच जातो. तेथे लाटेची वाट अडत नाही.