लॉरेन हॅरिस यांच्या चित्रांना लिलावात एवढी किंमत कशी येते?

कॅनडाबाहेर फारशा परिचित नसलेल्या लॉरेन हॅरिस यांच्या एका चित्राला कोटीच्या वर डॉलर कसे मिळाले आणि त्यांची सगळीच चित्रे इतकी महाग असतात का, असे आपण विचारले आहे. सगळी मुळीच नसतात. हा भाव प्रामुख्याने १९२० च्या दशकातल्या त्यांच्या उत्तरेकडील निसर्गचित्रांचा आहे.

आपण म्हणता ते चित्र 'माउंटन फॉर्म्स', साधारण १९२६ चे. त्यात कॅनडाच्या रॉकी पर्वतातील बॅन्फजवळचे माउंट इशबेल हे शिखर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये टोरांटोत हेफेल या लिलावगृहाने ते विक्रीस काढले तेव्हा ३० ते ५० लाख कॅनेडियन डॉलर मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात बोली ९५ लाखांवर थांबली आणि लिलावगृहाचे शुल्क धरून किंमत १ कोटी १२ लाख १० हजारांवर गेली. कॅनडातला आधीचा विक्रम पॉल केन यांच्या २००२ मध्ये विकल्या गेलेल्या चित्राचा होता, तोही जेमतेम ५० लाखांचा.

हॅरिस यांचा जन्म १८८५ चा, शेतीची यंत्रे बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस या धनाढ्य उद्योगघराण्यातला. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या या माणसाला पोटासाठी चित्रे विकावी लागली नाहीत; उलट टोरांटोत चित्रकारांसाठी बांधलेली स्टुडिओ बिल्डिंग उभारायला त्यांनीच बराचसा पैसा घातला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रुप ऑफ सेव्हन' या कॅनेडियन निसर्गचित्रकारांच्या गटाचे ते एक प्रमुख प्रवर्तक होते. लेक सुपिरियर, रॉकी पर्वत आणि १९३० चा आर्क्टिक प्रवास यांतून त्यांची चित्रे अधिकाधिक मोजक्या आकारांची, थंड प्रकाशाची होत गेली. यामागे थिऑसॉफीचा, म्हणजे ज्या सोसायटीचे मुख्यालय चेन्नईच्या अड्यारला आहे तिच्या आध्यात्मिक विचारांचा, मोठा प्रभाव होता. चित्र चित्र म्हणूनच पाहिले जावे, म्हणून त्यांनी सही आणि तारीख घालणेही सोडले. आज त्याच चित्रांचे साल ठरवण्यावर लाखोंचा फरक पडतो, हे त्यांना रुचले नसते.

या काळातले मोठे कॅनव्हास बहुतांशी ओटावा, टोरांटो, क्लाइनबर्ग येथील संग्रहालयांत कायमचे गेले आहेत. त्यामुळे खासगी संग्रहातले एखादे बाहेर आले की कॅनडातले श्रीमंत संग्राहक त्यावर तुटून पडतात. 'माउंटन फॉर्म्स' तर इंपिरियल ऑइल कंपनीच्या संग्रहातून आले होते, शिवाय त्याच सुमारास अभिनेते स्टीव्ह मार्टिन यांच्या सहभागातून तयार झालेले हॅरिस प्रदर्शन लॉस एंजेलिस आणि बॉस्टन करून टोरांटोत येऊन गेले होते. त्या प्रदर्शनाने भाव चढला असेल, पण मला टंचाई हेच खरे कारण वाटते. कारण त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, 'द ओल्ड स्टंप, लेक सुपिरियर' हे फूटभर उंचीच्या फळीवर रंगवलेले स्केचदेखील ३५ लाख १० हजारांना गेले होते; त्यावरून केलेला मोठा कॅनव्हास ओटावाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि तो विकत मिळणे शक्यच नाही.

१९३४ नंतर हॅरिस न्यू हॅम्पशायर, सांता फे आणि शेवटी व्हँकुव्हर येथे राहिले, अमूर्त चित्रांकडे वळले आणि १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच वाटेवर राहिले. ही कारकीर्द पहिलीपेक्षा लांब, तरीही तिच्यातल्या चित्रांना पर्वतचित्रांच्या मानाने फारच कमी भाव येतो. काही अमूर्त चित्रे रचनेत जरा कोरडी आहेत, हे मान्य. पण सांता फेच्या सुमाराची निवडक चित्रे मला कोणत्याही हिमशिखराच्या तोडीची वाटतात.