संगमनेरच्या रस्त्यावर चार्जर नाही, मग २८ हजार कशाचे?

प्रश्न : मी नाशिकला औषध कंपनीत एमआर आहे. महिन्याला १,८०० किलोमीटर फिरणं होतं. इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायचं नक्की केलंय. साधं मॉडेल १,२८,००० रुपये, तेच फास्ट चार्जिंगसह १,५६,०००. बॅटरी दोन्हींत सारखीच, ४ युनिटची. शोरूमवालाच म्हणतो, खरी रेंज १०५ धरा. साधा चार्जर साडेचार तास घेतो, फास्टवर ५० मिनिटांत ८० टक्के होते. शहरात रोज ५५-६० किमी होतात, पण आठवड्यातून एकदा संगमनेर असतं, जाऊन-येऊन १४०. कंपनीच्या ॲपमध्ये नाशकात दोन फास्ट चार्जर दिसतात, संगमनेरच्या रस्त्यावर एकही नाही. एफडीत १,१०,००० आहेत. त्यातले ४०,००० भरून बाकी ३ वर्षांचं कर्ज, १३ टक्क्यांनी. जुनी बाइक एक्स्चेंजमध्ये २२,००० ला मागतायत. फास्ट घेऊ का?

उत्तर : साधी घ्या. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने निकाल दिलाय, ते तुमच्याच हातून निसटलं. ज्या एका दिवसासाठी तुम्हाला फास्ट चार्जिंग हवंय, त्या दिवशीच्या रस्त्यावर चार्जर नाही. जिथे आहेत तिथे, म्हणजे नाशकात, तुम्ही ५५-६० किलोमीटर फिरून रात्री घरी येता आणि गाडी सकाळपर्यंत उभीच असते. साडेचार तासांचं काम ५० मिनिटांत उरकून रात्री दहालाच भरलेल्या बॅटरीचं तुम्ही करणार काय?

आता हिशेब. आजची बाइक लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १,८०० किलोमीटरला ३६ लिटर, म्हणजे ३,७८० रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला ४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. तुमचं घरगुती बिल १०० युनिटांच्या वर जातच असेल, म्हणजे ही सगळी युनिटं १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये पडणार. हिशेबापुरते युनिटला ११ रुपये पकडा (तुमच्या बिलात दर जास्त पडत असेल तर बचत तेवढी घटेल) : ७९२. उरले २,९८८. साध्या मॉडेलसाठी ८८,००० चं कर्ज घेतलं की हप्ता येतो साधारण २,९६५. म्हणजे पेट्रोलच्या पैशात गाडी जवळजवळ फुकट फिटते. हा योग फार गाड्यांच्या बाबतीत जुळत नाही, तो मोडू नका. वरचे २८,००० कर्जात घातले की दरमहा आणखी ९४३, तीन वर्षांत ३४,०००, आणि हे सगळे पगारातून जाणार.

तीन वर्षांत संगमनेरच्या फेऱ्या होतील १४४ च्या आसपास. ३४,००० भागिले १४४ : फेरीमागे २३६ रुपये. उद्या त्या रस्त्यावर चार्जर आला, तर हा भाव पटतो का ते तेव्हा बघता येईल. आणि येईल तो नेमका कुठे, हेही बघावं लागेल. समजा सिन्नरला आला. जाताना तिथे पोचाल तेव्हा बॅटरी सत्तरच्या घरात असेल. फास्ट चार्जिंगचा वेग ८० टक्क्यांपर्यंतचा. त्यापुढे बॅटरीच करंट कमी करून घेते, शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. म्हणजे दहा टक्के झटपट, पुढे ताटकळत बसा. आणि येताना सिन्नर गाठेपर्यंत ११० किलोमीटर झालेले असतील, म्हणजे गाडी त्याच्या आधीच थांबलेली. तुमच्या उपयोगाचा चार्जर एकच, तो संगमनेर गावात.

गावात तर तुम्ही सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच असालच. एमआरचं अर्धं आयुष्य ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. परतीसाठी कमी पडतात ३५ किलोमीटर, हाताशी १५ ठेवा, म्हणजे ५० ची भर हवी. साध्या चार्जरने त्याला सव्वादोन तास लागतात. स्टॉकिस्टच्या, म्हणजे तुमच्या घाऊक औषधविक्रेत्याच्या, गोदामाशी गाडी लावा, चार्जर डिकीबॅगेत न्या, जेवणाच्या आधी लावलात तर चहापर्यंत काम झालं. फक्त चार्जर सुटा येतो की भिंतीवर ठोकायचा, एवढं बुकिंगआधी डोळ्यांनी बघून घ्या. भिंतीवरचा असेल तर माझं हे सगळं गणित कोसळतं.

स्टॉकिस्ट नाहीच म्हणाला तर? मग संगमनेरला जुन्या बाइकवर जाल. महिन्याला ५६० किलोमीटरचं पेट्रोल १,१७६ रुपयांचं, वाचलेली वीज २४६ ची. फरक ९३०. गंमत बघा, हा आकडा फास्टच्या जादा हप्त्याला जवळपास चिकटलाच! पण ते ९३० रुपये खर्चून तुम्ही संगमनेरला पोचता तरी. आणि हा खर्च सॉकेट मिळालं त्या दिवशी बंद होतो, हप्ता ३६ महिने चालूच राहतो. म्हणून २२,००० चा मोह आवरा, जुनी गाडी सहा महिने तरी विकू नका.

सार्वजनिक चार्जिंगवर विसंबण्याबद्दल थोडं अनुभवाचं. दोन वर्षांपूर्वी माझी स्कूटर घेऊन एका मॉलच्या पार्किंगमध्ये गेलो. चार्जर चालू, जागा मोकळी, पण प्लग बसेना. त्यांचा कनेक्टर वेगळा, माझा वेगळा. वॉचमन म्हणाला, "साहेब, रोज चार जण येऊन असेच परत जातात." हलक्या वाहनांसाठीच्या एका कनेक्टरला २०२३ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली खरी, पण सगळ्या कंपन्यांनी तो घेतलेला नाही. तुमच्या गाडीचा कनेक्टर फक्त त्याच कंपनीच्या खांबावर चालतो का, हे शोरूममध्ये विचारा. शिवाय गाडीवर ५ टक्के जीएसटी असला, तरी बाहेरच्या चार्जिंगच्या बिलावर तो १८ टक्के लागतो.

बॅटरी मोठी असती तर मी वेगळं बोललो असतो. अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ७७ माक २ या इलेक्ट्रिक मोटरसायकलची मोठी बॅटरी १०.३ युनिटची आहे. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला फार तर सव्वा युनिट निघतं, म्हणजे ती भरायला रात्र पुरेल-न पुरेल. रात्री गाडीशेजारी सॉकेटच मिळत नसेल किंवा दिवसाला दोनशे किलोमीटरची डिलिव्हरी असेल, तरीही फास्ट घ्यावं. तुमचं यातलं काहीच नाही.

खर्च करायचाच तर पार्किंगमध्ये करा. तुमच्याच मीटरवरून वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि १६ अँपिअरचं सॉकेट. वायर किती लांब यावर ठरेल, पण दोन इलेक्ट्रिशियनकडून कोटेशन घ्या आणि हे पैसे एफडीतून द्या, कर्जातून नाही. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे, तरी सोसायटीला आधी पत्र द्या. कमिटीतले काका "लोड वाढेल" म्हणणारच. त्यांना सांगा, हा चार्जर इस्त्रीइतकी वीज ओढतो, गिझरच्या निम्मी. बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते.

आणि स्टॉकिस्टकडे सॉकेट मागताना पैशांचं आधी बोलून घ्या. दुकानाचा दर घरापेक्षा चढा असतो. दोन युनिटांचे चाळीस रुपये टेकवलेत तर पुढच्या फेरीला तोच म्हणेल, गाडी आत सावलीत लावा.