कार्ड सर्व्हिसला, स्क्रीन काळी: दुसरं स्वस्त कार्ड घ्यावं का?

धायरीच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरमधलं चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलंय, प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ, म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला, त्यामुळे स्क्रीनच येत नाही. दुकानदार म्हणतो, दहा-बारा हजारांचं दुसरं कार्ड टाका. ते टाकावं, की प्रोसेसर बदलून त्यातल्या ग्राफिक्सवर भागवावं? आणि स्वस्त कार्डांचं पुढे होणार काय?

दादा, कार्ड घेऊ नका. त्याच मदरबोर्डावर साधा १२४००, म्हणजे शेवटी एफ नसलेला आणि आत ग्राफिक्स असलेला, बसतो. जुना चालू स्थितीतला मिळाला तरी हरकत नाही, फक्त बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड आहे का ते बघून घ्या. त्यातल्या यूएचडी ७३० या ग्राफिक्सवर प्रोग्रॅमिंग, टूडी ड्रॉइंग, फोर-के व्हिडिओ सगळं चालतं. मोठे गेम चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगा.

हे इतकं ठासून सांगतेय कारण तुमची पोस्ट वाचून माझेच दिवस आठवले. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडेही दुकानदाराने "कार्ड आहेच ना ताई, एफ घ्या, तेवढेच पैसे वाचतील" म्हणून एफ बसवला होता. ऐन लग्नसराईत कार्ड गेलं. वॉरंटी होती, म्हणून निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला दिलं. पुण्यातलं ते सेंटर नुसतं गोळा करून पुढे पाठवणारं निघालं. फोन केला की "टेस्टिंगला आहे मॅडम", प्रत्यक्ष गेलं की "वरून अपडेट नाही". शेवटी कार्ड जसंच्या तसं परत आलं, सोबत चिठ्ठी: गंज, वॉरंटी बाद. गंज म्हणजे काय, तर जी पट्टी कॅबिनेटला स्क्रूने बसते, तिच्या कडेला मोहरीएवढा तपकिरी ठिपका. पुण्यात एक पावसाळा काढलेल्या कुठल्याही मशीनवर तो सापडेल! सर्किटला काही लागलेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर त्याला चिठ्ठीवर काय लिहिलंय तेही माहीत नव्हतं. तोवर माझी कामं दुसऱ्यांकडे गेली होती. प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असतं तर निदान स्क्रीन आली असती, काम रखडत का होईना चाललं असतं.

म्हणून कार्ड सर्व्हिसला देताना काउंटरवरच, त्यांच्यासमोर, दोन्ही बाजूंचे आणि सीरियल नंबरचे फोटो काढा. जॉबशीटवर "गंज नाही, तुटफूट नाही" असं त्यांच्या हाताने लिहून घ्या. आडवं लावलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि दमट हवा लागू नये म्हणून कॉम्प्युटर गॅलरीच्या दाराशी ठेवू नका.

आता भवितव्याचं. मी या धंद्यातली नाही, भाव आठवड्याला बदलतात, तेव्हा हे माझं मत समजा. माझ्या मते खालच्या टोकाची कार्डं संपत चालली आहेत. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे कार्ड २०१९ मध्ये १४९ डॉलरला आलं होतं. पुढच्या ४० मालिकेत एनव्हिडियाने डेस्कटॉपसाठी ४०५० काढलंच नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० २०२२ चं. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओ झटपट फाइलमध्ये उतरवणारा भाग, नाही, जो इंटेलच्या साध्या प्रोसेसरमध्ये फुकट मिळतो! माझ्यासारखीला ते कार्ड विकणाऱ्याला काय म्हणावं? आज नव्या पिढीचं म्हणावं असं कार्ड इंटेलच्या बी५७० पासून सुरू होतं, तेही २१९ डॉलरला जाहीर झालेलं. आपल्याकडे कर धरून बरंच वर. मधे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं रूप आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही, जुन्या ऑफिस मशीनला ते बरं. चार जीबीच्या वाटेला मात्र आता जाऊ नये.

उलट प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चढतंय. एएमडीच्या रायझन ८६००जी या प्रोसेसरवर १०८०पी मध्ये सेटिंग कमी ठेवून बरेच गेम चालतात. पण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. डीडीआर५-५६०० रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर सेकंदाला ८९.६ जीबी डेटा मिळतो, एकच लावली तर त्याच्या निम्मं. १६५० ला १२८ मिळायचे. म्हणजे सोळा जीबीची एकच पट्टी लावणारा दुकानदार तुमचं अर्धं ग्राफिक्स काउंटरवरच ठेवून घेतो. कोटेशनवर "८ + ८" लिहून घ्या. एएमडीने रायझन एआय मॅक्स या प्रोसेसरमध्ये मेमरीचा रस्ता रुंद करून सेकंदाला २५६ जीबीपर्यंत नेलाय, पण तिथे रॅम बोर्डालाच जोडलेली असते आणि किंमत आपल्या आवाक्यातली नाही. तो रस्ता स्वस्तात आला की खालच्या कार्डांना कारणच उरणार नाही, असं मला वाटतं.

मुलगा मशीन लर्निंगकडे वळला तर गोष्ट वेगळी, तिथे कुडासाठी, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरसाठी, एनव्हिडियाच लागतं. पण कॉलेजच्या असाइनमेंटपुरतं गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलच्या मशीनवर, फुकटात भागतं. तिसऱ्या वर्षी खरंच गरज पडली तर तेव्हा आठ जीबीचं चांगलं कार्ड घ्या, आणि तेव्हाही हा ग्राफिक्सवाला प्रोसेसर काढू नका. जुनं कार्ड दुरुस्त होऊन आलं तर विकण्याआधी सीरियल नंबर आपलाच आहे ना, ते फोटोशी ताडून बघा.